लॅपटॉपमधला ढोल

आमच्या देवाच्या जत्रेत काकाच्या अंगात येतं. हातात चाबकासारखा कोरडा घेऊन तो स्वतःच्याच पाठीवर ओढतो आणि माझे वडील, म्हणजे आप्पा, त्याच्यासमोर ढोल वाजवतात. संतपूरकडच्या आमच्या गावात हे असंच चालत आलंय. बघायला आलेल्या पाहुण्यांना वाटतं, ढोल काकाला चेतवतो. अर्धंच खरं आहे ते. आप्पांची नजर काकाच्या गुडघ्यांवर असते. गुडघे लटपटले की ठोका हलका करायचा, मग पालटायचा आणि देवाला अलगद वाटेला लावायचं. ढोलाने सोडल्याशिवाय काकाला थांबता येत नाही.

आप्पा ट्रॅक्टरवरून पडले आणि उजवा खांदा कायमचा गेला. दुसऱ्या कुणाच्या हातात काठी द्या म्हटलं की त्यांचं डोकं फिरायचं. मी चिटगुप्प्यात लग्नाच्या डीजेसाठी गाणी बनवतो. त्यांना तो सगळा थिल्लरपणा वाटायचा. जत्रा तोंडावर आली तेव्हा मात्र मलाच म्हणाले, "तुझ्या त्या डब्ब्यात माझा ढोल भरून ठिवलास न्हवं? त्योच लाव. पन काकाला कळू दिऊ नको. त्यो माझ्या हातावर भरवसा ठिवून डोळे मिटतंय."

मला काय, आनंदच झाला. माझ्या लॅपटॉपमधला सॅम्पलर भरलेला आवाज नुसता वाजवत नाही, आधी त्याची चिरफाड करतो. सुराचे बारीक धागे एकीकडे, काठीचा खरखरीत फटका दुसरीकडे. मग त्यातूनच आवाज पुन्हा नव्याने घडवतो. एका बटणाने सूर वाढतो, दुसऱ्याने फटका, तिसऱ्याने ठोका हवा तेवढा ताणता येतो आणि ढोलाची पट्टी तसूभर हलत नाही.

भर दुपारी काका डोळे मिटून देवळातून बाहेर आला. आप्पांच्या गळ्यात ढोल होता, डावा हात देखाव्यापुरता हलत होता. पडद्याआड स्पीकर आणि स्पीकरमागे मी. लोक ओरडायला लागले तसं मलाही चढलं. मी फटक्याचं बटण वाढवलं. हाड मोडल्यासारखा आवाज निघाला. काकाचा कोरडा त्या आवाजामागे धावला आणि पाठीची सालटी निघाली.

"हलकं कर!" आप्पा ओरडले.

मी ठोका ताणला. वाटलं, सावकाश झाला की काका शांत होईल. पण ताणलेले ठोके पसरून एकमेकांत मिसळले. दोन ठोक्यांमधली फट बुजली आणि नुसती एकसारखी घरघर उरली. श्वास घ्यायलाही जागा नव्हती तिच्यात. काकाचा कोरडा आता कुठेही पडायला लागला, मानेवर, कानावर, तोंडावर. समोरच्या बायकांच्या लुगड्यांवर रक्ताचे शिंतोडे उडाले. मी फटका पार शून्यावर आणला, तर स्पीकरमधून नुसत्या सुराचा गुरासारखा हंबरडा निघाला. शेवटी वायर उपटली.

शांतता तर त्याहून वाईट निघाली. काकाने आरोळी ठोकली आणि गर्रकन वळून जो कोरडा हाणला तो सरळ आप्पांच्या तोंडावर. ओठ फाटला. आप्पांनी डाव्या हातात काठी धरली आणि ढोल बडवायला घेतला. वेडावाकडा, चुकत, रक्त थुंकत. काकाला आवरायला पुढे गेलेल्या लोकांनाही दोन फटके बसले, पण आप्पांची नजर गुडघ्यांवरून हलली नाही. तो लॅपटॉप दगडावर आपटावा असं मला वाटत होतं. काकाचे गुडघे लटपटले. आप्पांनी ठोका हलका केला, पालटला. काका धाडकन तोंडावर पडला.

देवळाच्या ओसरीवर त्याला पालथं निजवून आम्ही पाठीवर हळद दाबत होतो. हळद लगेच लाल व्हायची. बऱ्याच वेळाने त्याने मोठ्या भावाकडे, आप्पांकडे मान वळवली.

"आण्णा, आज कोन वाजिवलं?"

मी तोंड उघडलं. शब्द फुटायच्या आत आप्पांनी डाव्या हाताने अशी कानफटात दिली की मी खांबावर जाऊन आदळलो.

"मीच," आप्पा फाटक्या ओठाने म्हणाले. "दुसरं कोन वाजिवतंय?"

काका कोपरावर उठला.

"मग सोडलास कामून न्हाई, आण्णा? मी वाट बघायलो हुतो."