खाकीतलं भूत

गजू गेल्याचा फोन आला तेव्हा मी बँकेत काउंटरवर होतो. हृदयविकाराचा झटका, पंचेचाळिशीही गाठली नव्हती. रडू नंतर आलं, आधी राग आला. सिनेमाचा एकच सीन उरला होता आणि हा पठ्ठ्या निघून गेला...

गजू नंदनवन नावाच्या वस्तीत दोन खोल्यांत आईसोबत राहायचा. लग्नांचे व्हिडिओ काढून पोट भरायचा आणि उरलेल्या वेळात रक्तपिशाच्चांचा सिनेमा करायचा. त्याची पिशाच्चं पोलिसांच्या खाकीत फिरायची. वस्तीत शिरली की आधी आडनाव विचारायची, मग हप्ता घ्यायची आणि शेवटी रक्त. हे त्याला कुठून सुचलं, ते मला विचारावं लागलं नाही. गजू पारधी समाजाचा. कॉलेजात असताना आमच्या भागात कुठेही चोरी झाली की पोलीस त्यालाच उचलून न्यायचे. मी त्याच्या शेजारी उभा असलो तरी मला साधं नावसुद्धा कोणी विचारत नसे.

सिनेमातलं मुख्य पिशाच्च मी. आमचं घर विणकरांचं, म्हणून गजूने रक्तासाठी माझ्या बाबांच्या जुन्या सामानातला सूत रंगवायचा लाल रंग उचलला. तो निघाला पक्का! खाकी शर्टावरचा डाग काही केल्या गेला नाही, आणि माझी लाल हनुवटी बघून बँकेतले लोक आठवडाभर मला सुपारी-तंबाखूचा खर्रा सोडायचा सल्ला देत होते.

एका निर्मात्याने सिनेमा थिएटरात लावायची तयारी दाखवली. अट एकच, खाकी काढा आणि काळा झगा घाला. गजू हसला. “काया झगा घातलेलं भूत आमच्या वस्तीत कवाच नाही आलं गा भाऊ. आलं ते खाकीतच आलं.” विषय तिथेच संपला.

अडलं होतं ते शेवटच्या सीनवर. घरातून कोणी ‘या’ म्हटल्याशिवाय पिशाच्चाला उंबरठा ओलांडता येत नाही, असा गजूच्या सिनेमातला नियम. शेवटी एक म्हातारी दारात गप्प उभी राहते आणि पिशाच्च बाहेरच अडकतं. म्हातारीचं काम गजूच्या आईकडे, आम्हा सगळ्यांच्या मायकडे होतं. पण मी खाकीत दारात आलो की माय दर वेळी म्हणायची, “या साहेब, बसा. पानी आनू का?” गजू कपाळाला हात लावायचा.

“माय, काहून बोलावून राहिली वं त्याले?”

“दारात आल्या मानसाले ‘या’ नाही म्हनू त का म्हनू बाप्पा? आन् साहेबाले नाही म्हनाची सोय हाय का?”

तेरवीनंतर तो निर्माता घरी आला. पायरीवरूनच म्हणाला, गजाननरावांच्या नावानेच सिनेमा लावू, फक्त तेवढा झग्याचा बदल करू द्या. मी आतल्या खोलीत होतो. आता माय ‘या’ म्हणणार, पाणी आणणार, आणि गजूचा सिनेमा हातचा जाणार, या भीतीने मी दाराच्या फटीतून बघू लागलो. माय चौकट धरून उभी राहिली. त्याच्याकडे बघत राहिली, पण बोलली नाही. तो जरा वेळ घुटमळला, मग चपला वाजवत निघून गेला.

माय आत आली. खुंटीवरचा तो डागाळलेला खाकी शर्ट काढून तिने माझ्या हातात दिला.

“घाल गा. आता जमते मले.”