मधूचं अनुबियस

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते मलाही नीट ठाऊक नाही.

मधू माझा शाळेपासूनचा मित्र. तो तळेगावात, मी आर्वीत. दोघांनाही काचेच्या टाकीत पाणवनस्पती वाढवायचा नाद. त्याच्याकडे एक अनुबियस होतं — जाड, काळपट हिरव्या पानांचं झाड, लाकडाच्या तुकड्यावर दोऱ्यानं बांधलेलं. फार हळू वाढतं ते. महिन्याला एखादं पान, तेही त्याची मर्जी असली तर. बोटभर तुकड्यापासून मधूनं ते असं वाढवलं की लाकूड दिसेनासं झालं. मी शेजारी बसून बघायचो. कौतुक वाटायचं? वाटायचं. पण नुसतं कौतुकच होतं का ते?

मधू अचानक गेला. झोपेतच. पुढे शोभावहिनी लेकीच्या बाळंतपणाला नागपूरला निघाल्या, तेव्हा झाड घेऊन माझ्याकडे आल्या. बसनं, पाण्याची बादली मांडीवर धरून.

"भाऊजी, सांभाळजा. ह्यांच्या हातचं एवढंच जितं राह्यलं."

मी ते माझ्या टाकीत ठेवलं. रोज सकाळी बघायचो. बघता बघता ते माझं झालं — नाही, असं आपोआप काही होत नसतं. मी ते माझं करून टाकलं.

परत आल्यावर वहिनींचा फोन आला. "झाड न्याले कधी येऊ?"

मी म्हणालो, ते सडलं. खोडापासूनच कुजलं, वाचवता आलं नाही. आवाज थोडा कापराही केला — हेही सांगायलाच हवं.

उलट वहिनीच मला समजावू लागल्या. "जाऊ द्या, भाऊजी. तुम्ही काऊन जिवाले लावून घेता? माणूसच राह्यला नाई, तं झाडाचं काय!"

तेव्हा बोलता आलं असतं ना? मी नुसतं "हो" म्हणालो.

वहिनींनी मग मधूची टाकी भंगारात दिली. त्या आर्वीला येते म्हणाल्या की मी काहीतरी कारण काढतो आणि स्वतःच तळेगावला जातो. त्या जेवून जा म्हणतात. मी जेवतो.

गेल्या महिन्यात झाडाला फूल आलं. पाण्याखाली, पांढरं, बोटाच्या पेराएवढं. मधूला ते कधी बघायला मिळालं नाही. वहिनींना मी बघू दिलं नाही.