सहाशे छप्पन्न पावलं

हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. बायको होती, तिच्याजवळही नाही. आता तुम्हाला लिहून सांगतो आहे — का, ते मलाच नीट कळत नाही. तुम्ही आमच्या एकोडी गावचे नाही म्हणून असेल. वय झालं म्हणून असेल.

गोष्ट पाच वर्षांपूर्वीची. तशी लहानच — तलावाच्या पाळीवर, म्हणजे काठच्या मातीच्या बांधावर, चुन्यानं रंगवलेल्या एका दगडाची. दगडाची का? पोरीची. बघा, इथेच मी अडखळतो.

मी जमीन मोजणीच्या खात्यात होतो. चौतीस वर्षं लोकांचे बांध मोजले. भावाभावांची भांडणं माझ्या फितीपाशी येऊन थांबायची. आणि फीत जवळ नसली तर मी पावलांनी मोजायचो. माझं पाऊल अडीच फुटांचं, कमी नाही, जास्त नाही. साहेबांनी एकदा फीत लावून तपासलं होतं. हे का सांगतो आहे? बढाई म्हणून नाही. किंवा असेलही.

शेजारच्या सुखदेवची मुलगी प्रज्ञा. तिनं वनरक्षक भरतीचा अर्ज भरला होता. त्यात मुलींना तीन किलोमीटर धावावं लागतं, ठरलेल्या वेळेत. ती त्याआधी कधी धावलेली नव्हती. सुखदेव मला म्हणाला, "काकाजी, तुमी जवानीत लय धावत होते म्हणते. पोरीले थोडं शिकवा. औंदा झालं तं झालं, नाही तं लगन करून देतो."

मी पाळीवर गेलो. सहाशे छप्पन्न पावलं मोजली — अडीच फुटांच्या हिशेबानं बरोबर पाचशे मीटर — आणि तिथे दगड रोवून त्याला चुना फासला. जाऊन येऊन एक किलोमीटर. तीन फेऱ्या झाल्या की काम झालं.

शिकवलं मात्र मी बरोबर. एवढं मला म्हणू द्या. पहिले दोन आठवडे दगडापर्यंत हळू धावायचं आणि चालत परत यायचं. मग एक फेरी. आठवड्याला अर्ध्या फेरीहून जास्त वाढवायचं नाही. एक दिवस पूर्ण आराम. दुखलं तर थांबायचं. आणि वेग किती? धावताना बोलता येईल एवढाच. त्यासाठी मी एक युक्ती काढली होती. मी पाळीच्या टोकाला घड्याळ घेऊन बसायचो आणि ती जवळ आली की ओरडायचो, "काल कायची भाजी होती?" तिनं न थांबता उत्तर द्यायचं. "आलू-वांगे, आबाजी! मायनं तिखट लय टाकलं!" एवढं वाक्य एका दमात आलं की वेग बरोबर.

दोन महिन्यांत ती तीन फेऱ्या करू लागली. वेळेच्या आत. सुखदेव पानठेल्यावर सांगायचा, काकाजींनी पोरगी तयार केली. मला ते आवडायचं. नाही का आवडणार?

भरतीला तीन आठवडे उरले असताना ती मोबाईल घेऊन आली. म्हणाली, "आबाजी, याच्यात तं तीन फेऱ्यांचे दोन किलोमीटर चारशेच दाखवून राहिला."

मी हसलो. "मोबाईलले का समजते पोरी? मोजणी माही आहे."

"ते बी खरं हाये," ती म्हणाली आणि मोबाईल ओढणीत गुंडाळून ठेवला.

त्या दुपारी, पाळीवर कोणी नसताना, मी जुनी फीत घेऊन गेलो. तीस मीटरची फीत. तेरा वेळा लागली, वर दहा मीटर. चारशे. मी पुन्हा मोजलं. चारशेच. पाऊल अडीच फुटांचं राहिलं नव्हतं. गुडघ्यांनी ते कधी दोन फुटांवर आणलं, मला समजलंच नाही.

इथपर्यंत गुन्हा नाही. म्हाताऱ्याचं पाऊल आखडतं. तिला हाक मारून सांगायचं — पोरी, मोबाईल खरा होता, माझं चुकलं. मग जेवढं बेतानं वाढवता येईल तेवढं वाढवलं असतं, आणि नसतं जमलं तर निदान का जमलं नाही ते तिला कळलं असतं. एवढं वाक्य मला का म्हणता आलं नाही? पाच वर्षं विचार करतो आहे. एका पोरीपुढे चुकीचं ठरायची लाज? तेवढ्यासाठी?

दुसऱ्या दिवशी मी म्हणालो, "आजपासून चार फेऱ्या. वेळ तेवढीच."

"काहून आबाजी? एकदम पूर्ण फेरी?"

"मी सांगतो ना."

तिनं केल्या. तिसऱ्या दिवशी मी भाजी विचारली तर तिनं नुसता हात वर केला. माझीच युक्ती — मला तिचा अर्थ माहीत होता. मी घड्याळाकडे बघितलं. आठव्या दिवशी ती म्हणाली, "नडगी दुखून राहिली." मी तेल लावायला सांगितलं. आरामाचा दिवसही मी काढून टाकला होता, ते सांगायचं राहिलं. बाराव्या दिवशी ती दगडापाशी बसली आणि उठली नाही.

साकोलीला डॉक्टरांनी फोटो काढला. नडगीच्या हाडाला बारीक चीर. त्यांनी विचारलं, "अंतर एकदम वाढवलं होतं का?" सुखदेवनं माझ्याकडे बघितलं.

मी म्हणालो, "मी तं तीनच फेऱ्या सांगितल्या होत्या. पोरीनं घाई केली."

झालं. हेच ते. एवढंच सांगायला मी कागद घेऊन बसलो आणि कुठून कुठे फिरून आलो.

प्रज्ञा खाटेवर होती. तिनं माझ्याकडे बघितलं — रागानं नाही. गोंधळल्यासारखं. मग बापाला म्हणाली, "हो बाबा. माहीच चूक झाली."

ती असं का म्हणाली? मला सांभाळून घेतलं? की मोबाईल ठेवून दिला तशीच स्वतःची आठवणही ठेवून दिली — आबाजी म्हणतात म्हणजे तीनच असतील? पहिलं असेल तर मी तोंड दाखवू नये. दुसरं असेल तर? दुसऱ्याचा विचार मी पूर्ण करू शकत नाही.

पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं. लाखांदूरला असते. सुखदेव अजून म्हणतो, "पोरगी उतावळी, नाही तं काकाजींनी साहेबीण केली होती." मी समोर बसून ऐकतो. चहा पितो.

मागच्या महिन्यात ती माहेरी आली होती. दारातून जाताना थांबली, हसून ओरडली, "आबाजी, काल कायची भाजी होती?"

"वांग्याची," मी म्हणालो. ती हसत गेली.

पाळीवर आजही पोरंपोरी धावतात. मागच्या आठवड्यात मी फितीनं मोजून दगड शंभर मीटर पुढे सरकवला. का सरकवला, कोणी विचारलं नाही.

प्रज्ञानं घाई केली नव्हती. तिचा मोबाईल बरोबर होता. चौथी फेरी मी सांगितली होती.