ताईच्या हातचा घास

सोलापूरच्या बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसणारा माणूस चिडका असतो, असं लोक म्हणतात. बरोबरच म्हणतात. फलाटावर पाटी आहे, माईकवर मी घसा फोडून सांगतोय, तरी खिडकीत तोंड घालून "करमाळा गाडी लागली का ओ?" विचारणारे दिवसाला किती येतात, ते एकदा माझ्या जागी बसून बघा. पण मला एक खोड आहे. समोरचा जसा बोलेल तसा मी बोलायला लागतो. अक्कलकोटची म्हातारी आली की माझ्या तोंडून कानडी निघतं, बेगमपेठेतला कुणी आला की दखनी. बायको म्हणते, "तुम्ही माणूस नाही, पोपट आहात."

ही खोड मी नाटकात खपवतो. चारला ड्यूटी सुटते, आणि सात वाजता आमच्या वस्तीतल्या विहारामागच्या हॉलमध्ये तालीम. मध्येच कुणाची शॉर्ट फिल्म, कुठल्या शाळेचं पथनाट्य. मी घरी फक्त कपडे बदलायला येतो, असं बायकोचं म्हणणं. त्यात खोटं काहीच नाही.

त्या वर्षी आम्ही स्पर्धेसाठी नाटक बसवत होतो. त्यात एक म्हातारी होती. ती करणारी आमची नटी लेकीच्या बाळंतपणाला लातूरला गेली ती गेलीच. आमच्या दिग्दर्शक म्हणजे निवृत्त शिक्षिका, त्यांना सगळे बाईच म्हणतात. बाई मला म्हणाल्या, "मिशी काढ. म्हातारी तू करायचीस." काढली. आठवडाभर डेपोतल्या लोकांनी माझी काय काय थट्टा केली, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

घरात वेगळंच चाललं होतं. माझी आई महापालिकेच्या शाळेत आया होती. दोन वर्षांपासून तिची आठवण उतरणीला लागली होती. मला ती ओळखत नव्हती. सुनेला "नर्सबाई" म्हणायची. आणि त्या महिन्यात तिनं जेवण सोडलं. घास पुढं केला की तोंड घट्ट मिटून भिंतीकडं वळायची. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल, आणि या वयात ती सोसेल याची खात्री नाही. आम्ही दोघांनी हात जोडले, रागावलो, रडलो. माझं डोकं तर असं तापायचं की वाटी आपटून मी बाहेर निघून जायचो.

आता हौशी नाटकवाल्यांचं एक असतं. कपडेपट काही आपल्याकडं नसतो. जो तो घरातल्या ट्रंकेतून उचलून आणतो. मीही आईची ट्रंक उघडली आणि अगदी तळातून एक हिरवं इरकली लुगडं काढलं. आईच्या अंगावर ते मी कधीच पाहिलं नव्हतं. विचारायचं कुणाला? घेतलं आणि गेलो.

रविवारी दुपारी रंगीत तालीम झाली. हॉलच्या नळाला पाणी नव्हतं. घर दोन गल्ल्यांवर, म्हणून तोंडावरचा रंग धुवायला तसाच, लुगड्यातच, घरी आलो. बायको आईसमोर दूध-भाकरीचा काला घेऊन बसली होती. आईनं दाराकडं पाहिलं. कितीतरी महिन्यांनी तिची नजर कशावर तरी ठरली.

"ताई," ती म्हणाली, "कवा आलीस गं?"

मला हसू येणार होतं. पण खोड ती खोड. "आत्ताच की," मी म्हणालो, तिच्याच करमाळ्याकडच्या बोलीत. बायकोच्या हातातली वाटी घेतली, घास पुढं केला, आणि आईनं तोंड उघडलं. अर्धी भाकरी खाल्ली हो तिनं! बायको पदरानं डोळे पुसत होती, आणि माझ्या तोंडावरचा रंग घामानं ओघळत होता.

आईला एक थोरली बहीण होती, करकंबला दिलेली, तरुणपणीच वारलेली, एवढंच मला ठाऊक होतं. घरात तिचा फोटो नाही, विषय नाही. पण मग रोजचं ठरूनच गेलं. संध्याकाळी सहा वाजता मी लुगडं नेसायचो, मावशी व्हायचो, आईला भरवायचो, कपडे बदलायचो आणि तालमीला पळायचो. "तुमच्या नाटकाचा घराला पहिल्यांदा उपयोग झाला," बायको म्हणाली.

चौथ्या की पाचव्या दिवशी आईनं विचारलं, "ताई, लिंबाखाली काय पुरलं हुतं गं आपुन?"

"बांगड्या. काचंच्या," मी म्हणालो.

म्हणालो म्हणजे तोंडातून आलं. आई लहान पोरीसारखी खुदकन हसली. मी स्वतःला समजावलं की पोरी बांगड्याच पुरतात, दुसरं काय पुरणार? मग एकदा बायको दारातनं म्हणाली, "अहो, डाव्या हातानं का भरवताय?" मी खाली पाहिलं. खरंच, घास डाव्या हातात होता. मी उजवा माणूस, डाव्या हातानं मला धड बटणही लावता येत नाही. आई म्हणाली, "माजी ताई डावरीच हाय."

त्या दिवसापासून बायको त्या वेळी खोलीत थांबेनाशी झाली. स्वयंपाकघरात उभी राहायची, दिवेलागणीच्या आधीच सगळे दिवे लावून. मी थांबायला हवं होतं का? पण आई जेवत होती. आणि खोटं कशाला बोलू, मला मजा येत होती. अशी भूमिका आयुष्यात मिळाली नव्हती.

मग आई बोलायला लागली. तीन-चार संध्याकाळी, तुकड्यातुकड्यांनी, सगळं तिनं सांगितलं. मावशीला करकंबला नवरा मारायचा. ती जेऊरला माहेरी पळून आली. चार दिवसांनी तिला परत धाडायचं ठरलं, तेव्हा तिनं पुण्याची गाडी धरायचं मनात घेतलं. कुणाला संशय नको म्हणून धाकट्या बहिणीला, म्हणजे माझ्या आईला, बरोबर घेऊन स्टेशनावर गेली.

"मला बाकड्यावर बसवलंस," आई म्हणाली. "म्हनलीस, गाडी सुटंस्तवर हितनं हलू नगं. घरी कुनाला सांगू नगं. मी हलले ताई. मला लई भूक लागली हुती."

ती घरी गेली. भाकरी खायला बसली. "ताई कुटं हाय?" असं तिच्या आईनं विचारलं, आणि हिनं तोंडात घास असतानाच सांगून टाकलं. बाप धावत स्टेशनावर गेला. डब्यात चढलेल्या मावशीला दंडाला धरून खाली उतरवलं आणि त्याच संध्याकाळी एसटीत घालून करकंबला पोचवलं. वर्षही झालं नाही, ती गेली. कशानं, ते कुणी धड सांगितलं नाही. पुढं करकंबहून तिचं लुगडं तेवढं परत आलं.

माझ्या अंगावर तेच लुगडं होतं.

"ताई, मला माफ केलंस का?" आईनं विचारलं.

साठ वर्षं ही बाई हे उराशी घेऊन जगली! एक शब्द टाकला की सुटेल बिचारी, असं मला वाटलं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "केलं गं बाई," मी म्हणालो. "कवाच केलं." काय सुंदर बोललो, हेही त्याच क्षणी मनात आलं. लाज वाटते, पण आलं.

आईनं तोंडातला घास थुंकला.

"तू कोन हायस?" ती म्हणाली. "माजी ताई असं न्हाय बोलायची."

त्यानंतर दोन दिवस तिनं पाण्याचा थेंब सोडून काही घेतलं नाही. लुगडं नेसून गेलो तरी भिंतीकडं तोंड. डॉक्टर म्हणाले, उद्या सकाळी आणा, नळी घालू. बायकोनं एकच वाक्य ऐकवलं, "तुम्हीच सुरू केलंत, आता तुम्हीच बघा." मी दुपारी बाईंच्या घरी गेलो आणि सगळं सांगितलं. बाईंनी चष्मा काढून बाजूला ठेवला.

"तिला माफी हवी होती, असं तुला कुणी सांगितलं?" त्या म्हणाल्या. "द्यायची तुला होती. शेवट गोड करायची खोड आहे तुझी, मी वीस वर्षं बघतेय. त्या पोरीला गाडीतून ओढून काढलं. ती कशाला माफ करेल?"

सहा वाजता लुगडं नेसलो. या वेळी आरशात बघितलं नाही. आईसमोर बसलो आणि म्हणालो, "न्हाय केलं माफ."

एवढंच म्हणायचं मी ठरवलं होतं. पण तोंड थांबेना. "गाडी सुटायला चार मिन्टं हुती. चार मिन्टं! तेवढी भूक दाबता आली न्हाय तुला?" तो आवाज माझा नव्हता. आणि राग, देवाशपथ सांगतो, तो राग नाटकातला नव्हता. समोर बसलेल्या त्या मूठभर म्हातारीचा, माझ्या जन्मदात्या आईचा, मला इतका संताप आला की माझा डावा हात वर गेला. बायको आतून धावत आली आणि तिनं तो धरला.

आई शांत होती. "व्हय," ती म्हणाली. "चारच." मग भिंतीकडचं तोंड वळवून तिनं आ केला.

चार मिनिटांचं तिनं मला कधीच सांगितलं नव्हतं. मी दिवसभर गाड्यांच्या वेळा पुकारतो, मिनिटं माझ्या जिभेवरच असतात, असं मी अजूनही स्वतःला सांगतो. बायको हे ऐकते आणि दिवे लावायला उठते.

नळी टळली. रोज सहा वाजता आई विचारायची, "केलंस का माफ?" मी म्हणायचो, "न्हाय." आणि ती पोटभर जेवायची. पाच महिने हे चाललं. नाटकाला मी बाईंचं दुसरं लुगडं नेसलो. लोक बरं झालं म्हणाले. मला तिथं उभं राहून काहीच वाटलं नाही.

शेवटी छातीत कफ भरला आणि तिला दवाखान्यात ठेवलं. सकाळची वेळ होती. मी ड्यूटीला जाता जाता खाकी शर्टातच तिच्याजवळ थांबलो. वाटीत पेज होती. मी चमचा भरला. तिनं डोळे उघडले, माझ्याकडं नीट पाहिलं. मग माझ्या कपाळावर हात फिरवला, लहानपणी ताप आला की फिरवायची तसा.

"पोरा," ती म्हणाली, "किती वाळलास रं." दोन वर्षांनी तिनं मला ओळखलं होतं. मग विचारलं, "तू तरी मला माफ केलंस का?"

कशाबद्दल, ते मला माहीत नव्हतं. अजून माहीत नाही. पण ते शब्द कानावर पडले आणि माझं तोंड आपोआप चाललं.

"न्हाय," मी म्हणालो.

तिनं मान हलवली, नेहमीसारखीच, आणि पेजेसाठी तोंड उघडलं. मी बाहेर येऊन घड्याळ बघितलं. ड्यूटीला उशीर झाला होता, म्हणून निघालो. संध्याकाळी तिला नीट सांगू असं ठरवलं होतं. दुपारी माईकवर पंढरपूर गाडी पुकारत होतो तेव्हा बायकोचा फोन आला.