आई काचेत, आई कागदावर

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. एखादं दुकानात आलंच, तर आधी विचारेन — तुमचा फोटो निघतो का मुळात? तीस वर्षं स्वारगेटच्या मागच्या गल्लीत फोटो प्रिंट करून फ्रेम करतोय. गिऱ्हाइकं बहुतेक गेलेल्या माणसांचेच फोटो आणतात. त्यातल्या एकानेही मला कधी डोळा मारलेला नाही. तरी हे लिहितोय...

येरवड्याच्या शैलाताई, निवृत्त शिक्षिका. आईचा एकुलता एक ब्लॅक अँड व्हाइट फोटो घेऊन आल्या. निगेटिव्ह नाही. वीस वर्षांपूर्वी फ्रेम मीच केलेली. तेव्हा मी माउंट सुचवला होता — काच आणि फोटो यांच्यात अंतर ठेवणारी पुठ्ठ्याची चौकट. ताई म्हणाल्या होत्या, "त्याखाली आईच्या साडीचे काठ झाकले जातील. नको." मी ऐकलं. ऐकायला नको होतं. ओल खाऊन फोटो काचेला चिकटला होता.

पाठोपाठ मांजरी गावाहून त्यांची धाकटी बहीण नीला आली. याच फोटोवरून दोघींचं बोलणं बंद होतं. एका बाकावर बसून त्या माझ्यामार्फत भांडत होत्या.

"अहो, यांना सांगा, सुटला की फोटो मी नेणार. वीस वर्षं यांच्याकडे होता," नीला मला म्हणाली.

"हुबेहूब कॉपी काढून देतो," मी म्हटलं.

"मग ती तिला द्या," दोघी एकदम म्हणाल्या.

"नाहीतर मधोमध कापा," नीला म्हणाली.

"आई आहे ती, बर्फी नाही," ताई मला म्हणाल्या. आणि मग त्याच हळू आवाजात म्हणाल्या, "आई मात्र सगळं निम्मं निम्मं करायची. साबणाची वडीसुद्धा दोऱ्याने कापायची."



मी स्पष्ट सांगितलं — काचेसकट पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवतो. सुटला तर सुटला, नाहीतर चेहरा काचेवर राहील आणि कागद कोरा निघेल. चालेल? दोघींनी मान हलवली.

भर दुपार होती. दोघी ट्रेच्या दोन बाजूंना उभ्या होत्या. तासाभराने कोपरा सुटला. मी कागद सोलत गेलो... आई काचेवरच राहिली होती. चेहरा, कुंकू, काठ, सगळं. फोटोत चित्राचा थर एकच असतो. तो काचेला गेला की कागदावर काही उरत नाही. माझ्या एका चुकीने या बायकांची आई गेली होती. कोरा कागद दाखवून माफी मागावी म्हणून मी तो उलटा केला.

आई तिथेही होती. पूर्ण. चेहरा, कुंकू, काठ.

मग नीला म्हणाली, "ताई, काच तू घे. मला गावापर्यंत नेताना फुटायची भीती." वीस वर्षांत थेट बोललेलं ते पहिलं वाक्य असावं. दोघी एकाच रिक्षाने गेल्या.

मी जाणकारांना विचारलं. ते म्हणतात, अशक्य आहे. मीही तेच म्हणतो.

फक्त एक गोष्ट कोणालाच सांगितली नाही. ट्रे रिकामा करताना तळाशी वीतभर पांढरा दोरा सापडला. फ्रेमला मी तार लावतो. दुकानात दोरा नसतोच. कुठून आला, माहीत नाही. त्याला माउंट घालून, काचेपासून नीट अंतर ठेवून, फ्रेम केलाय.