मेअखेरचा शब्द

अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवराच्या काठावरच्या त्या लहानशा कॉलेजात मार्लिस टर्वोनेन एकोणीस वर्षं मुलांना उन्हाळी इंटर्नशिप मिळवून द्यायचं काम करत होती, आणि एकोणीस वर्षं तिचं घोडं एकाच ठिकाणी अडत होतं. आसपासची कॉलेजं मेच्या पहिल्या पंधरवड्यात सुटायची. हिचं सुटायचं बारा जूनला. प्रयोगशाळा, इस्पितळं, कारखाने नवी मुलं घेत एक जूनला. मग मार्लिस फोन घेऊन बसायची. "दोन आठवडे कळ काढा हो, पोरगी हुशार आहे." कुणी कळ काढी, बहुतेक जण काढत नसत. दर सोमवारी ती घरून वेलदोड्याचा पाव भाजून आणी. आलेल्या पोरापुढे आधी पाव ठेवायचा, मग वाईट बातमी सांगायची, ही तिची रीत.

सप्टेंबरात तिनं हुकलेल्या जागांची यादी केली आणि डीन कर्टिस हाल्डॉर्सनकडे गेली. दोघं एकाच चर्चमध्ये गात, मुलं एकत्र वाढलेली.

कर्टिसनं यादी शेवटपर्यंत वाचली. "मार्चची सुट्टी काढून टाकू. परीक्षेआधीची मोकळीकही थोडी कमी करू. एकोणतीस मेला कॉलेज संपतं."

"प्राध्यापक ऐकतील?"

"फेब्रुवारीत सभेपुढे ठेवतो. ते माझ्यावर सोड."

"मग मी बाहेर सांगू का? लोक आत्तापासून मुलं ठरवतात."

"सांग. माझा शब्द आहे म्हणून सांग."

तिनं सांगितलं. अकरा मुलांच्या जागा ठरल्या. त्यांत जनीन काडॉट होती. ओजिब्वे ह्या तिथल्या मूळ रहिवासी जमातीतल्या कोळ्यांच्या घरातली, जीवशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला. सरोवरातल्या माशांची पाहणी करणाऱ्या बोटीवर दोनच विद्यार्थी घेत, त्यांतली एक जागा तिला मिळाली. एक जूनला बोटीवरच्या सुरक्षेचं शिक्षण. ते चुकलं तर बोटीवर पाऊल ठेवता येत नसे. घराजवळच्या मत्स्यबीज केंद्रात काकानं तिच्यासाठी काम धरून ठेवलं होतं. ते सोडताना तिनं मार्लिसला विचारलं होतं, "मिसेस टर्वोनेन, नक्की ना? काकाला एकदा नाही म्हटलं की परत विचारता यायचं नाही."

"नक्की. मी सांगते ना."

फेब्रुवारीतल्या सभेला मार्लिस मागच्या रांगेत बसली. ती कचेरीतली; तिला मतदानाचा हक्क नव्हता. मार्चची सुट्टी जाणार म्हटल्यावर सभा तापली. कुणी फ्लोरिडाची तिकिटं काढली होती, कुणाची नातवंडं ॲरिझोनात वाट पाहत होती. ती कर्टिसच्या उठण्याची वाट बघत राहिली. तो उठला.

"हा प्रस्ताव मुळात इंटर्नशिपच्या कचेरीचा," तो म्हणाला. "मार्लिसची कळकळ आपण जाणतो. उत्साहाच्या भरात तिनं बाहेर काही लोकांना आधीच सांगून टाकलं, असं कळतं. पण त्यासाठी सभेवर दडपण येऊ नये. मी प्रस्ताव मागे घेतो."

दोन-तीन माना तिच्याकडे वळल्या. त्यांच्या नजरेत कीव होती.

बाहेर तिनं त्याला गाठलं. "कर्टिस, तूच म्हणालास, सांग म्हणून."

"मी म्हणालो प्रयत्न करू." त्यानं हातमोजे चढवले. "हे बघ, मला ह्या माणसांबरोबर अजून सहा वर्षं काढायचीत."

"आणि माझ्याबरोबर?"

तो गाडीवरचं बर्फ खरवडू लागला.

मार्लिसनं अकराही मुलांना स्वतः सांगितलं. मग ती प्राध्यापकांच्या दारोदार फिरली: ह्या मुलांच्या परीक्षा दोन आठवडे आधी घ्या. जनीनचे तिघे प्राध्यापक तयार झाले. पण नियमाप्रमाणे डीनची सही लागत होती. 'एकीला दिलं की सगळे मागतील,' असं लिहून कर्टिसनं अर्ज परत पाठवला. काकानं तोवर दुसरी मुलगी घेतली होती.

जनीन कचेरीत आली, उभीच राहिली.

"तुम्हाला त्यांनी फसवलं, हे पटतं मला," ती म्हणाली. "पण मी त्यांना कुठं ओळखते? मला तुम्ही सांगितलं होतं."

 

एप्रिलमध्ये नव्या विद्यार्थ्यांचे आईबाप कॉलेज बघायला आले. पहिल्या रांगेत कर्टिस. इंटर्नशिपवर बोलायची पाळी दरवर्षी मार्लिसची असे. तिनं छापील पुस्तिका बंद केली.

"आमचं कॉलेज बारा जूनला सुटतं," ती म्हणाली. "बऱ्याच जागा एक जूनला भरतात. ह्या वर्षी माझ्या अकरा मुलांपैकी आठ जणांच्या गेल्या, कारण तारीख बदलेल असं मी त्यांना सांगितलं आणि ती बदलली नाही. इथं कुणी तोंडी काही कबूल केलं, तर लिहून घ्या. मी सांगितलं तरी लिहून घ्या."

एका बापानं खिशातून पेन काढलं. कर्टिस जमिनीकडे बघत होता.

पुढच्या वर्षापासून त्या कार्यक्रमाला तिला बोलावलं नाही. निवृत्तीपर्यंतची चार वर्षं तिनं त्याच खुर्चीत काढली. मुलांना एकेक तारीख कागदावर लिहून, खाली सही करून देत असे. रविवारी गायला मात्र ती सरोवरापलीकडच्या गावातल्या चर्चमध्ये जाऊ लागली. कर्टिसच्या बायकोनं एकदा दुकानात विचारलं, "येत नाहीस हल्ली?"

"सूर लागत नाही," मार्लिस म्हणाली आणि ढकलगाडी पुढे नेली.

जनीन बोट हुकली त्याच उन्हाळ्यात दुसऱ्या कॉलेजात गेली. तिथलं सत्र आठ मेला संपतं.