सिंह कायम, सावंत हंगामी

गेटवर बसणाऱ्या माणसाला किस्से शोधावे लागत नाहीत. तेच गाडीत बसून येतात आणि वर हॉर्न वाजवतात! ऐंशीच्या दशकात मी मुलुंडच्या डोंगराला लागून असलेल्या एका सिंह सफारीच्या गेटवर तिकिटं फाडत होतो. सफारी एका ट्रस्टची. आता तिथे काही उरलेलं नाही, म्हणून बिनधास्त सांगतो.

लोक आपापली फियाट, अ‍ॅम्बॅसडर घेऊन कुंपणाच्या आत जायचे, काचा वर करून गोल रस्त्याने एक चक्कर मारायचे आणि बाहेर पडायचे. आत सिंह दोनच, बंद पडलेल्या सर्कशीतून आणलेले. युवराज आणि राणी. कोणाची गाडी अडली तर मदतीला आत जीप घेऊन आमचा सावंत. राहायला भांडुपला, मूळचा मालवणकडचा. नोकरीला लागला तेव्हापासून हंगामी. कायम झालो की पेढे, असं त्याने कबूल केलं होतं. आम्ही रोज विचारायचो, "सावंत, पेढे कधी?" घरी सावंतवहिनी तेच विचारायच्या, पण त्या हसत नसत.

* * *

सिंह दिवसभर झोपतो, हे लोकांना कोणी सांगितलेलंच नसतं. घाटकोपरचे एक शेठ चक्कर मारून आले आणि माझ्या खिडकीवर थाप मारली.

"पैसे परत द्या! तुमचा सिंह झोपलाय."

मी काही बोलणार, तेवढ्यात मागून सावंत म्हणाला, "शेठ, आत जाऊन उठवा ना. त्याचं वेगळं तिकीट नाही!"

शेठ तडक गाडीत बसले.

* * *

हंगामी माणूस सलग कामावर राहिला की उद्या हक्क सांगेल, ही ट्रस्टला भीती. म्हणून दर तीन महिन्यांनी सावंतला एक दिवस 'ब्रेक' द्यायचे. त्या दिवशी तो नोकरीत नाही. पण जीप चालवणारा दुसरा कोणी नव्हता! आमचे मॅनेजर देवस्थळी साहेब डोकं खाजवत बसले. नोकरीत नसलेल्या माणसाला कुंपणात सोडायचं कसं?

शेवटी साहेबांना तोड सुचली. "पाटकर, त्याला तिकीट द्या. पाहुणा म्हणून जाईल."

मी तिकीट फाडलं. सावंतने ते खिशात घातलं आणि दिवसभर जीप चालवली. पुढे प्रत्येक ब्रेकला हेच. देवस्थळींना यात काही चुकतंय असं कधी वाटलं नाही. मला वाटायचं, पण मीही तिकीट फाडायचोच.

* * *

एकदा नैरोबीला नोकरी करून आलेले एक गृहस्थ नवीन गाडी घेऊन आले. गेटवरच सुरू झाले, "आमच्याकडे केनियात स्वतः गाडी चालवत जायचं. दिवस दिवस नुसतं गवत! हे तुमचं म्हणजे बागेत फिरल्यासारखं."

आत गेले ते बराच वेळ येईनात. बाहेर पडायचं वळण त्यांना दिसेना आणि ते गोल गोल फिरत राहिले. शेवटी आले ते एकदम खूश.

"मानलं हं! आठ सिंह पाहिले!"

मी तोंड उघडलं तर सावंतने माझा दंड दाबला. "तेका काय सांगा नको रे. खुशीत हा तो."

गृहस्थांनी ही गोष्ट जाताना साहेबांनाही सांगितली. पुढच्या रविवारी गेटवर नवी पाटी लागली. 'आठ सिंहांची सफारी'.

* * *

युवराजची दाढ दुखायला लागली. मोठे डॉक्टर आले, भूल दिली, दाढ काढली. त्याला पंधरा दिवस आराम आणि मऊ मांस. त्याच महिन्यात सावंतला कावीळ झाली. डोळे हळदीसारखे पिवळे. वहिनी त्याला धरून ऑफिसात घेऊन आल्या.

देवस्थळी म्हणाले, "हंगामीला आजारपणाची रजा नसते हो वहिनी. नियम आहे."

सावंत म्हणाला, "साहेब, एक विचारू? युवराज कायम आहे का?"

"म्हणजे काय! सिंह कायमच असतो."

"मग त्याची जागा रिकामी झाली की मला कळवा."

आम्ही सगळे हसलो. वहिनी सावंतला धरून बाहेर घेऊन गेल्या.

* * *

युवराज सर्कशीतला, हे आम्ही विसरलो होतो, तो विसरला नव्हता. एका गाडीतल्या पोराने जत्रेतली शिट्टी जोरात फुंकली. युवराज उठला, दुडक्या चालीने आला, फियाटच्या बॉनेटवर चढला आणि पुढचे दोन्ही पाय वर करून बसला! सर्कशीत त्याला स्टुलावर असंच बसवत. टाळ्यांची वाट पाहिली, कोणी वाजवल्या नाहीत, तेव्हा उतरून परत झाडाखाली गेला.

त्या दिवसापासून गेटवर शिट्ट्या जप्त करायचं काम माझ्याकडे आलं. त्यातली एक सावंतने मागून घेतली आणि खिशात ठेवली. "असू दे. कधीतरी उपयोगी पडात."

* * *

उपयोगी पडली. रविवार होता. अंधेरीचं एक कुटुंब आत गेलं आणि नेमक्या झाडापाशी त्यांची फियाट बंद पडली. आता मुंबईत फियाट बंद पडली की माणूस काय करतो? तेच त्यांनी केलं. चारही दारं उघडली आणि सगळे धक्का मारायला खाली उतरले! बायको, दोन मेहुणे, आजोबासुद्धा. ते म्हणतायत, "मीपण लावतो हात."

युवराज उठून उभा राहिला.

सावंतने जीप मध्ये घातली, खाली उडी मारली आणि शिट्टी फुंकली. युवराज जीपच्या बॉनेटवर चढला आणि पाय वर करून बसला. सावंतने तोंडाने शिट्टी चालू ठेवली, हाताने सगळ्यांना गाडीत कोंबलं, एकट्याने धक्का मारून गाडी सुरू केली आणि स्वतः मागच्या सीटवर अंग टाकलं. तो गेटबाहेर येऊन उतरला. मी त्याला मिठी मारली.

मागच्या गाडीतल्या कोणाकडे तरी कॅमेरा होता. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. सिंह जीपवर, ड्रायव्हर जमिनीवर! आणि फियाटवाल्याचं म्हणणं, "यांच्या माणसाने शिट्टी वाजवून सिंहाला भडकवलं." त्याचा मला आजही राग येतो.

ट्रस्टच्या अध्यक्षांनी पत्रकारांना सांगून टाकलं, "त्या ड्रायव्हरला आम्ही बडतर्फ केलंय." मागोमाग सरकारी अधिकारी चौकशीला येणार असल्याचा फोन आला आणि देवस्थळींना घाम फुटला. परवान्यात अट होती, कुंपणाच्या आत फक्त कायम कर्मचारी. आणि सावंत तर हंगामी!

साहेबांनी सावंतला बोलावलं. टेबलावर दोन कागद ठेवले. पहिल्यावर लिहिलं होतं की सावंत मागच्या महिन्यापासून कायम. दुसऱ्यावर, आजपासून बडतर्फ.

सावंतने दोन्ही नीट वाचले. "आधी कुठे सही करू?"

"आधी कायमवर," साहेब म्हणाले. "क्रम चुकवू नका."

दोन्हींवर सही करून तो गेटबाहेर गेला. मला वाटलं, घरी गेला. तासाभराने परत आला तो हातात पेढ्यांचा बॉक्स घेऊन. मला दिला, माळ्याला दिला, मग थेट साहेबांच्या केबिनमध्ये.

"घ्या साहेब. कायम झालो."

देवस्थळींनी फायलीतून मान वर न करताच पेढा उचलला, तोंडात टाकला आणि म्हणाले, "अरे वा! अभिनंदन, सावंत!"